बोट खरं, घड्याळ खोटं

मंगळवारी सकाळी साडेसातला माईंचा फोन आला. "अगं, माझं ते अवयवदानाचं कार्ड रद्द करायचं तर कुठे जावं लागतं?" तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. माई शहात्तर वर्षांच्या. इंदूरच्या राजेंद्रनगरात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात त्यांनी तो अर्ज भरला तेव्हा समोर मीच बसले होते. अठ्ठावीस वर्षं मी आयसीयूत सिस्टर होते, आणि निवृत्त झाल्यापासून अवयवदानाबद्दल लोकांशी बोलते. म्हणून हा फोन मला आला.

कारण विचारलं तर म्हणाल्या, "कालची मालिका पाहिली नाहीस? मेला म्हणून आईची सही घेत होते, आणि पोराने बोट हलवलं."

पुढचे तीन दिवस त्या घरात जो वाद झाला, तोच मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर कितीतरी वेळा ऐकला आहे. बाकावरच्या माणसांना वाद घालायला वेळ नसतो. या घराला तो मिळाला, आणि म्हणून सगळं नीट उलगडून बघता आलं. ते लिहून ठेवते.

भागात काय होतं

मालिका हिंदी, इस्पितळातली. मोटरसायकलवरून पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागून व्हेंटिलेटरवर आहे. एक डॉक्टर येतात, टॉर्चने डोळे बघतात आणि आईला सांगतात, "ब्रेन डेड". त्याच डॉक्टरांचा एक श्रीमंत रुग्ण वरच्या मजल्यावर नव्या हृदयाची वाट बघतो आहे. आईपुढे कागद येतो. ती पेन उचलते, मुलाचा हात हातात घेते, हाक मारते, आणि त्याचं बोट हलतं. पाठोपाठ मॉनिटरवरची रेघ सपाट होते, छातीवर शॉक देतात, रेघ पुन्हा उसळते, मुलगा डोळे उघडून "माँ" म्हणतो. भाग संपतो.

कोण काय म्हणालं

संध्याकाळी गेले तेव्हा चहा निवत होता आणि आवाज चढले होते. नातू सीएचा अभ्यास करतो. त्याच्या मते सगळीच थाप. "मावशी, ब्रेन डेड माणसाचं बोट हलूच शकत नाही. मेंदू मेलाय ना? मग हलवणार कोण?"

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं. "सिस्टर, सौ बात की एक बात. सरणावर उठून बसलेली माणसं पेपरात येतात की नाही? मग हे का नाही होणार?"

वहिनींनी अरुणा शानबागचं नाव काढलं. "ती बेचाळीस वर्षं होती की. डॉक्टरांनी तिच्यावर पण असाच कागद पुढे केला असता तर?"

दादा, म्हणजे माईंचा मुलगा, गप्प होता. माई पण गप्प होत्या. कार्ड टेबलावर काढून ठेवलं होतं.

वहिनींचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हारी लागला, कारण अरुणा आमच्यातली, मुंबईच्या केईएम इस्पितळातली सिस्टर होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. इतकी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. पण ती ब्रेन डेड नव्हती. तिचा श्वास तिचा होता, व्हेंटिलेटरशिवाय. डोळे उघडायचे, झोप आणि जाग यांचं चक्र चालू होतं. मेंदूचा वरचा भाग गेलेला, पण खालचा बुंधा, ज्याला आम्ही ब्रेन स्टेम म्हणतो, तो काम करत होता. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ती ब्रेन डेड नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. तिच्यापुढे असा कागद कायद्याने आलाच नसता. हे मी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग आम्हाला हे सगळं एकच का वाटतं?" कारण पडद्यावर कोमा, अरुणासारखी अवस्था आणि ब्रेन डेथ या तिन्हींना एकच खाट आणि एकच मॉनिटर मिळतो.

काकांचं उत्तर थोडक्यात. सरणावरून उठलेल्या माणसांच्या ज्या बातम्या येतात, त्यांत नाडी लागली नाही, छाती हलताना दिसली नाही म्हणून घाईने मेलं समजलेली माणसं असतात. त्यांच्यावर ब्रेन स्टेमच्या तपासण्या झालेल्या नसतात.

नातवाला मात्र मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. म्हटलं, उद्या भाग पुन्हा लावू, थांबवत थांबवत बघू, आणि तू लिहून काढ.

कालनिर्णयचं पान

बुधवारी नातवाने कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून घेतलं आणि रिमोट माईंच्या हातात दिला. चाळीस मिनिटांच्या भागाला आम्हाला अडीच तास लागले.

पहिली नोंद घड्याळाची. डॉक्टर टॉर्च मारतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं. आईपुढे कागद येतो तेव्हा पावणेअकरा. पस्तीस मिनिटं. माझ्या मते या भागातली सगळ्यात मोठी खोट हीच आहे, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे, मानवी अवयव प्रत्यारोपणाचा. त्याप्रमाणे ब्रेन स्टेम डेथ एक डॉक्टर ठरवू शकत नाही. चौघं लागतात: इस्पितळाचे प्रमुख किंवा त्यांच्या जागी असलेले डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूचे डॉक्टर आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं कोणीही यात चालत नाही. मालिकेत जाहीर करणारा आणि हृदय बसवणारा एकच माणूस आहे. तपासण्यांचा पूर्ण संच दोनदा करावा लागतो, आणि दोहोंत किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. पहिली तपासणी दहा वाजून दहाला सुरू झाली असं धरलं, तरी दुसरी पहाटे चारच्या आधी होऊच शकत नाही.

शिवाय हा अपघात. म्हणजे पोलीस केस, पंचनामा, शवविच्छेदनाचा प्रश्न. सबंध भागात खाकी कपडा दिसला नाही. आणि हृदय कोणाला जायचं हे प्रतीक्षा यादी, रक्तगट आणि शरीराची ठेवण यावरून ठरतं. रुग्ण किती श्रीमंत आहे यावरून नाही.

दुसरी नोंद शॉकची. त्यावर मी फार वेळ घालवला नाही. सपाट रेघेला शॉक देत नाहीत. शॉक लागतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा, ती थरथर थांबवायला. रेघच सपाट झाली की छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि ॲड्रिनलिन द्यायचं. ही चूक जगभरातल्या मालिका करतात. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन अमेरिकन मालिकांचे ९७ भाग तपासून लिहिलेला लेख आला होता. हृदय बंद पडलेल्यांपैकी ६७ टक्के लोक पडद्यावर बरे होऊन घरी जाताना दिसत होते. आयसीयूत काम केलेल्या कोणालाही विचारा, तो हा आकडा ऐकून गप्प होईल.

तिसरी नोंद वहिनींनी केली, मला न विचारता. "तोंडात नळी असताना तो बोलला कसा?" अगदी बरोबर. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून खाली गेलेली असते. जागा असलेला माणूससुद्धा त्या नळीने बोलू शकत नाही.

बोटाचं काय

आता बोट. नातवाची खात्री होती की मी त्याच्या बाजूने बोलणार.

मी म्हटलं, बोट हलू शकतं. मी स्वतः पाहिलं आहे. पायाचा अंगठा सावकाश वर जाताना, गुडघा दुमडताना पाहिला आहे. एकदा व्हेंटिलेटर काढल्यावर दोन्ही हात उचलून छातीशी येताना पाहिले आणि तेव्हा नोकरीला दहा वर्षं झालेली असूनही माझे पाय लटपटले. वैद्यकात याला लॅझरस साइन म्हणतात.

माईंना मी तव्याचं सांगितलं. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूतून येत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येतो. एरवी मेंदू या मज्जारज्जूला लगाम घालून असतो. मेंदू गेला की लगाम सुटतो, आणि रज्जूला रक्त मिळत असेल तर काही तासांनी हे झटके दिसायला लागतात. स्पर्श केला, हात दाबला, मान उचलली की बोट हलतं. म्हणूनच तपासणी करणारे हातापायांच्या हालचालीवर थांबत नाहीत. भुवईवरच्या हाडाशी जोरात दाबतात आणि चेहऱ्याकडे बघतात. चेहऱ्याचे तंतू ब्रेन स्टेममधून निघतात. हात हलला तर त्याची नोंद होते. चेहरा आक्रसला तर तपासणी तिथेच थांबते, तो माणूस ब्रेन डेड नाही.

नातवाने तो प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेला म्हणाला, "मावशी, हे बघ. ती आधी हात दाबते. बोट तेव्हाच हललंय. हाक नंतर मारली." खरंच तसं होतं. दिग्दर्शकाने नकळत खरी गोष्ट टिपली होती आणि लगेच तिच्यावर खोटा अर्थ चढवला होता. बोटावर आक्षेप घेणारा नातू चुकला होता, आणि बोट हललं म्हणजे मुलगा जिवंत असं मानणारे काकाही चुकले होते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागली. नोकरीत असताना एका मुलाच्या दोन्ही तपासण्या झाल्या होत्या, घरच्यांनी होकार दिला होता. आई त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होती आणि अंगठा वर गेला. तिने माझ्याकडे बघितलं. असं होऊ शकतं हे तिला आधी सांगून ठेवणं माझं काम होतं. मी सांगितलं नव्हतं. नंतर कितीही समजावलं तरी ते सारवासारवीसारखंच ऐकू येणार होतं. तिने होकार मागे घेतला, आणि तो तिचा हक्क होता. मुलाचं हृदय दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं. माझ्या मनात त्या दानाचं दुःख नाही. त्या बाईने उरलेला सगळा दिवस मुलगा उठेल म्हणून काढला, ते दुःख आहे. तेव्हापासून मी पहिलं वाक्य हेच बोलते, हातपाय हलू शकतात.

मग असं कधी होतच नाही का

काका हटून बसले होते. "म्हणजे डॉक्टर चुकतच नाहीत म्हणा." तसं मी म्हणणार नव्हते. काकांच्या शंकेत एक खरा दाणा आहे आणि मालिकेने तोच उचलला असता तर भाग विश्वासार्ह झाला असता.

मण्यार चावलेला माणूस हुबेहूब ब्रेन डेड दिसतो. पावसाळ्यात आमच्याकडे खेड्यांतून असे रुग्ण यायचे. मण्यार रात्री चावते, बहुतेक जमिनीवर झोपलेल्याला, दुखत नाही, दातांचे व्रणही सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, मग सगळं अंग लुळं, श्वास बंद. बाहुल्या मोठ्या होऊन स्थिर राहतात, टॉर्चला दाद देत नाहीत. खोकला नाही, घशाला नळी लागली तरी उमासा नाही. आणि आतला माणूस कधी कधी सगळं ऐकत असतो.

असा एक तरुण शेतमजूर मला आठवतो. बाहुल्या बघून सगळ्यांनी आशा सोडली होती. एका शिकाऊ डॉक्टरने त्याच्या बायकोला विचारलं, काल झोपला कुठे होता? खळ्यात, जमिनीवर. तेवढ्या एका उत्तराने पुढचं सगळं बदललं. पाचव्या दिवशी त्याच्या भुवया हलल्या, पंधरा दिवसांनी तो चालत घरी गेला. त्या मधल्या दिवसांत मी त्याच्याशी बोलत राहिले, आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे की ऊन, ते सांगत राहिले.

म्हणूनच तपासण्यांच्या आधी एक पायरी असते आणि ती गाळता येत नाही. माणूस या अवस्थेला का पोचला, ते कारण पक्कं माहीत हवं. झोपेची किंवा भुलीची औषधं अंगात नाहीत, विषबाधा नाही, सर्पदंश नाही, शरीर गार पडलेलं नाही, साखर आणि क्षार जागेवर आहेत. यातलं काही शंकास्पद असेल तर तपासणी सुरूच करायची नाही. मालिकेतल्या डॉक्टरने यातलं एकही वाक्य उच्चारलं नाही. काका ऐकत होते. म्हणाले, "हे दाखवलं असतं तर मी पण गप्प बसलो असतो."

माईंचा प्रश्न

गुरुवारी दुपारी मी एकटीच गेले. वहिनी बाजारात, नातू क्लासला. माई देवघरासमोर वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बोटाचं कळलं मला. घड्याळाचं पण कळलं. एकच सांग. कापताना मला समजलं तर?"

तीन दिवसांचा वाद या एका प्रश्नाभोवती चालला होता आणि तो कोणी विचारला नव्हता.

मी त्यांना शेवटची तपासणी सांगितली, जशी खोलीत होते तशी. त्याआधी टॉर्च झालेला असतो, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावून झालेला असतो, दोन्ही कानांत बर्फाचं पाणी घालून डोळे हलतात का ते बघितलेलं असतं, घशात नळी घालून खोकला येतो का ते बघितलेलं असतं. मग दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि व्हेंटिलेटर सोडवतात. श्वासनलिकेत एका बारीक नळीने ऑक्सिजन चालू असतो, म्हणून त्याची उणीव पडत नाही. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नसते, तो रक्तात साचत जातो. एरवी त्याचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरइतका असतो, तो ६० च्या वर जाऊ देतात. ब्रेन स्टेममध्ये जराशी धुगधुगी असेल तर इतक्या साठ्यावर तो श्वासाचा हुकूम सोडतोच. छाती उघडी ठेवलेली असते. आठ ते दहा मिनिटं खोलीतली सगळी माणसं त्या छातीकडे बघत उभी असतात. मॉनिटरचा टिक टिक आवाज चालू असतो, कारण हृदयाची लय हृदयातच तयार होते, त्याला मेंदू लागत नाही. अंग गरम असतं. आणि छाती हलत नाही. मी कितीदा तिथे उभी राहिले आहे, आणि दर वेळी माझाही श्वास अडकला आहे.

माईंची वात अर्धवट राहिली. म्हणाल्या, "म्हणजे नाकाशी सूत धरल्यासारखंच."

अठ्ठावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे माणूस गेला की नाही ते असंच बघत. प्राण म्हणजे श्वासच. व्हेंटिलेटरने ते सूत हलतं ठेवलं, म्हणून ते पुन्हा धरायची ही रीत काढावी लागली. व्हेंटिलेटर नव्हते तेव्हा श्वास थांबल्यावर काही मिनिटांत हृदयही थांबायचं, दोन वेगळ्या घटना कोणाला दिसायच्याच नाहीत. १९५९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी ही अवस्था पहिल्यांदा मांडली, १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने तिचे निकष लिहिले.

जाग येण्याची कळ त्याच अंगठ्याएवढ्या बुंध्यात असते, जिथे श्वासाचं केंद्र असतं. ती गेल्यावर समजणारं कोणी उरत नाही. हे मी सांगितलं. पण दादाने रात्री मोबाईलवर वाचलं होतं की अवयव काढताना भूल देणारे डॉक्टर हजर असतात. "मग भूल कशाला?" माईंनी तेही विचारलं. उत्तर टाळण्यासारखं नाही. ते डॉक्टर रक्तदाब आणि ऑक्सिजन सांभाळायला असतात, आणि स्नायू सैल करायचं औषध देतात, कारण मज्जारज्जूचे झटके तेव्हाही येऊ शकतात. चिरा देताना नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, तोही मज्जारज्जूमुळेच. काही भूलतज्ज्ञ तो उतरवायला भुलीचा वायूही वापरतात. हे ऐकून कोणाचं मन मागे फिरलं तर फिरू दे. अर्धं सांगून मिळालेला होकार मला नको आहे.

एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. घरी, अंथरुणात, नेहमीसारखं मरण आलं तर हृदय आणि यकृताचा प्रश्नच येत नाही. ते फक्त आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, ब्रेन स्टेम गेल्यावर. घरी गेलेल्या माणसाचे डोळे देता येतात, सहा तासांच्या आत. त्वचा देता येते. "अगं मग त्यातच माझा नंबर लागणार," माई म्हणाल्या. आणि कार्ड असलं तरी त्या वेळी घरच्यांना विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही, हेही सांगितलं. दादाला समजणं कार्डाइतकंच गरजेचं आहे.

पुढे

कार्ड रद्द झालं नाही. माईंनी दादाला बसवून कालनिर्णयच्या त्याच पानावर, नातवाच्या नोंदींखाली, तीन ओळी लिहून घेतल्या. दुसरी तपासणी होईपर्यंत कशावरही सही करायची नाही. श्वासाच्या तपासणीला उभं राहू देतील का ते डॉक्टरांना विचारायचं, आणि देत असतील तर उभं राहायचं. घरीच मरण आलं तर आधी नेत्रपेढीला फोन, मग नातेवाइकांना. दादाने खाली सही केली.

नातवाने वाहिनीला पत्र लिहिलं आहे, घड्याळाच्या वेळा आणि चौघा डॉक्टरांची गोष्ट घालून. उत्तर आलेलं नाही. या शहरात २०१५ मध्ये पहिल्यांदा विमानतळापर्यंत ग्रीन कॉरिडॉर झाला, रस्ते थांबवून अवयव नेले गेले, आणि त्यानंतर लोकांनी ते पुन्हा पुन्हा केलं. त्यातल्या प्रत्येक वेळी कोणत्या तरी घराने ते सहा तास काढलेले आहेत. ते सहा तास पस्तीस मिनिटांत उरकलेले पडद्यावर दिसले की माझा जीव तुटतो, असं त्याने माझ्या नावाने पत्रात घातलं आहे. मी ते खोडू दिलं नाही.

काकांनी अर्ज भरलेला नाही. पान कार्डासोबत देवघराच्या खणात आहे. वरच्या कोपऱ्यात नातवाच्या अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या आहेत, दहा वाजून दहा आणि पावणेअकरा, आणि त्यांच्या पुढे माईंनी पेन्सिलीने लिहिलं आहे, "पहाटे चार".